ब्रुनोला पुढं सोडा, बाकीचं नंतर बघू

सप्टेंबर २०२५

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल टीमवर एका वाचकाचं पत्र आलं होतं, टीम सुधारायची तर सरळ मँचेस्टर सिटीसारखं ४-३-३ (मागं चार, मध्ये तीन, पुढं तीन) लावा, बॉल पायात ठेवा, पास देत देत वर जावा असं त्यांचं म्हणणं. मी काय लिहिणार नव्हतो, पण त्या पत्रावरनं आमच्या पेठेत दोन दिवस एवढी वादावादी चाललीय की म्हटलं आपण पण चार ओळी खरडाव्यात.

गणपती बसले त्या रात्रीची गोष्ट सांगतो. आरती झाली, बायका-माणसं घरी गेली आणि पोरांनी मंडपाच्या वाशाला मोबाईल बांधून साडेबाराला ग्रिम्सबीची मॅच लावली. ग्रिम्सबी म्हणजे चौथ्या डिव्हिजनची टीम, निम्म्या पोरांनी नाव पण पहिल्यांदाच ऐकलेलं, आणि हाफटाईमला आम्ही २-० नं मागं! पुढं एम्बेउमोनं एक घातला, ८९ व्या मिनिटाला मॅग्वायरनं हेडरनं बरोबरी केली, मग पेनल्टी, त्या काही केल्या संपेनात, शेवटी एम्बेउमोची बारला लागली आणि १२-११ नं गेलो घरी. अडीच वाजून गेलेले, सगळे गप्प, तेवढ्यात आठवीतलं एक पोरगं म्हणालं, काका, पुढं पाच-पाच जण असतात की यांचे, मग बॉल त्यांच्यापर्यंत जात का नाही?

खरं तर त्या पोरानं बरोबर दुखण्यावर बोट ठेवलं.

आमचा कोच अमोरिम, त्याची सिस्टीम ३-४-२-१. मागं तीन, मध्ये दोन, दोन्ही लाईनला एकेक विंगबॅक, पुढं दोन दहा नंबरवाले (स्ट्रायकरच्या जरा मागं खेळणारे) आणि एक स्ट्रायकर. बॉल आपल्याकडं असला की विंगबॅक वर चढतात आणि पुढं पाचजणांची रांग होते, कागदावर बघायला लई भारी. पण त्या पाच आणि मागच्या तिघांच्या मध्ये राहतात दोघंच, आणि ते दोघं कोण तर ३३ वर्षांचा कासेमिरो आणि आपला कॅप्टन ब्रुनो. समोरचा कोच काय खुळा आहे का, तो मध्ये तीन माणसं घालतो की झालं. ब्रुनोचा पास हा डीच्या (पेनल्टी बॉक्सच्या) तोंडावर उभं राहून द्यायचा पास आहे, त्याला तुम्ही सेंटर सर्कलच्या मागं उभा केलाय. तिथनं तो पन्नास मीटर लांब बॉल मारतो, दहातला एक बरोबर बसतो आणि नऊ थ्रोला जातात. गेल्या सीझनला लीगमध्ये ३८ मॅचमध्ये ४४ गोल, पॉइंट ४२, नंबर पंधरावा. आमच्या स्ट्रायकरचे, होयलुंडचे, अख्ख्या लीगमध्ये ४ गोल. सगळे त्या पोराला शिव्या देत होते, पण त्याच्यापर्यंत बॉल किती येत होता हे कोणी मोजलं नाही.

आता कोणी म्हणेल तीन बॅकची सिस्टीमच टाकाऊ, तर तसं पण नाही. कोंटेनं चेल्सीत २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून ३-० मार खाल्ला, मग ३-४-३ लावलं, सलग १३ मॅच जिंकल्या आणि आदल्या सीझनला दहाव्या नंबरवर असलेली टीम चॅम्पियन झाली. पण तिथं मध्ये कांटे होता साहेब, एकटा दोघांचं पळायचा, आणि विंगबॅकला मोझेस आणि अलोन्सो, दोघांच्या छातीत दम. अमोरिमनं स्वतः स्पोर्टिंगला याच सिस्टीमवर दोनदा लीग जिंकून दिली आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सिटीला ४-१ नं मारलं. म्हणजे माणसाला कळत नाही असं म्हणायची आपली लायकी नाही. माणसं कुठली आणि जागा कुठली, भांडण तिथं आहे.

आणि विंगबॅकचं काय असतं ते मला विचारा. मी आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडनं राइट आऊटला, म्हणजे उजव्या लाईनवर पुढं, खेळायचो, तालमीचं नाव घेत नाही, जुनी माणसं अजून आहेत. एका सीझनला आमच्या कोचच्या डोक्यात आलं की तीन बॅक ठेवायचे आणि मी लाईन धरून वर पण जायचं आणि खाली पण यायचं. एप्रिलचं ऊन, शाहू स्टेडियम, हाफटाईमला लिंबू-मीठ चोखलं तेवढंच. सेकंड हाफच्या विसाव्या मिनिटाला मी वर क्रॉस मारायला गेलो, बॉल त्यांच्या बॅकनं अडवला, मागं वळलो आणि पोटरीत गोळा आला. तिथंच बसलो लाईनवर. माझ्याच बाजूनं त्यांचा लेफ्ट आऊट मोकळा गेला आणि गोल. गॅलरीतनं काय काय ऐकलं ते छापण्यासारखं नाही. आमचा दलोत डाव्या बाजूला विंगबॅक खेळतो तेव्हा मला तो दिवस आठवतो, बिचारा उजव्या पायाचा, लाईनपर्यंत जातो, थांबतो, बॉल आत घेतो, तोवर समोरचे सगळे डीत येऊन उभे.

एक गोष्ट मात्र कबूल करायला पाहिजे. आमचा नवा फॉरवर्ड कुन्या आधी वुल्व्ह्जमध्ये अशाच सिस्टीममध्ये खेळला आणि गेल्या सीझनला लीगमध्ये १५ गोल केले, त्यामुळं त्याच्यापुरतं अमोरिमचं बरोबर आहे. माझा पोरगा हाच मुद्दा धरून बसलाय, आणि तो आर्सेनलवाला आहे म्हणून मी दुर्लक्ष करतो.

त्या पत्रातल्या ४-३-३ बद्दल एवढंच म्हणतो की ते खेळायला गोलकीपरपासून सगळ्यांच्या पायात बॉल पाहिजे. ग्वार्दिओलाला पण २०१६-१७ च्या पहिल्या सीझनला सिटीत एक ट्रॉफी मिळाली नव्हती, मग एडरसन आणला, वॉकर आणला, पैसे ओतले, तेव्हा ती गाडी चालू झाली. आमच्याकडं सध्या मागं बॉल फिरवायला लागले की मंडपातली पोरं देवाकडं बघायला लागतात.

माझं म्हणणं साधं ४-२-३-१. शेस्को पुढं, उजवीकडं एम्बेउमो, डावीकडं कुन्या, मध्ये दहा नंबरला ब्रुनो आणि त्याच्या मागं कासेमिरो आणि मेनू, त्या पोराला बेंचवर कशाला कुजवताय. एका वेळी एकच बॅक वर जाईल, दुसरा घरात. बॉल हिसकावला की तीन पासमध्ये पुढं, काउंटर अटॅक. लेस्टर २०१५-१६ ला अशीच कमी बॉल ठेवून चॅम्पियन झाली, वार्डीचे २४ गोल. शेस्को सहा फुटाच्या वर आणि पळतो पण, त्याला मागची मोकळी जागा पाहिजे, गर्दी नको. यात गोल खाणार नाही असं मी म्हणत नाही, कासेमिरो काय परत पंचवीसचा होणार नाही. पण निदान गोल करू तरी. परवा बर्नलीला ३-२ नं हरवलं ते पण ९७ व्या मिनिटाला ब्रुनोच्या पेनल्टीवर, असं किती दिवस चालायचं?

१४ तारखेला रविवारी रात्री नऊला सिटीशी गाठ आहे. तोपर्यंत मंडप उतरलेला असणार म्हणून सगळी पोरं आमच्या माडीवर येणार आहेत. ते ४-३-३ वाले गृहस्थ कोल्हापुरातलेच असतील तर त्यांनी पण यावं, चहा आमच्याकडं, कांदाभजी त्यांनी आणावी.

आपला,
एक जुना राइट आऊट
मंगळवार पेठ, कोल्हापूर