सगळेच रक्त मूळव्याधीचे नसते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शौचाला रक्त दिसले की आपल्याकडे निदान घरातच होऊन जाते: ‘उष्णता झाली’, नाहीतर ‘मूळव्याध आहे’. मग ताक, इसबगोल आणि ‘विनाऑपरेशन हमखास इलाज’ अशी पाटी लावलेला कुठलासा दवाखाना, या क्रमाने महिने निघून जातात. लाल रक्ताचे नेहमीचे कारण मूळव्याध असते, हे खरेच. पण पोटातला जो रक्तस्राव माणसाला दगा देतो तो पुष्कळदा लाल दिसतच नाही. तो काळा दिसतो, म्हणून त्याला कोणी रक्त म्हणत नाही.

जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त वाहिले की आम्ल, पाचकरस आणि आतड्यातले जिवाणू यांच्या तावडीतून खाली येईपर्यंत ते काळे पडते. मळ डांबरासारखा होतो: चकचकीत, चिकट, भांड्याला धरून बसणारा, दोन बादल्या पाणी ओतले तरी सहज न निघणारा. वास इतका उग्र, की एकदा आला की विसरत नाही. एवढे व्हायला ५० ते १०० मिलीलिटर रक्त पुरते, म्हणजे जेमतेम कपभर चहा. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळपट होतो, पण तो हिरवट झाकेचा असतो, चिकटत नाही आणि तसा वासही मारत नाही. उलटीत हेच रक्त गाळणीतल्या चहाच्या चोथ्यासारखे दिसते. ‘पित्त पडले’ म्हणून ते धुऊन टाकले जाते.

या काळ्या रक्तामागे बहुतेकदा जठराचा किंवा त्यापुढच्या भागाचा व्रण, म्हणजे अल्सर असतो. अल्सर तिखटाने होतो ही समजूत आता सोडायला हवी. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू त्याचे एक मोठे कारण. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. आम्ल कमी करणारे औषध आणि प्रतिजैविके यांचा साधारण १४ दिवसांचा कोर्स पुरा केला तर हा जिवाणू बहुतेकांत जातो.

दुसरे मोठे कारण आपल्या खिशातच असते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य रोखतात. दुखणे त्याने थांबते, पण जठराच्या अस्तरावरचा बुळबुळीत संरक्षक थरही त्याच द्रव्याच्या जोरावर टिकून असतो. तो पातळ झाला की आपलेच आम्ल आपल्याला खाते. हा परिणाम रक्तावाटे होत असल्याने ‘जेवून घेतली’ किंवा ‘गोळी नाही, इंजेक्शन घेतले’ म्हणून सुटका होत नाही. भातलावणी, ऊसतोड, वारी, कंबर नाहीतर गुडघे धरले की किराणा दुकानातूनसुद्धा सुटी गोळी मिळते. चार रंगांच्या गोळ्यांची पुडी तर त्याहून वाईट. तिच्यात वेदनाशामकाशेजारी स्टेरॉइडची बारीकशी गोळी असली, तर रक्तस्रावाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. साठीपुढचे वय, आधी झालेला अल्सर, हृदयासाठी रोजची ७५ मिलिग्रॅम अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध, यांतले काहीही असेल तर वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घेऊच नये. वेदनाशामक दुखणे झाकत असल्याने अशा अल्सरचे पोट दुखेलच असे नाही. पहिली खूण थेट काळा मळ असू शकते. जळजळीवरचे गुलाबी पातळ औषध अशा वेळी ढाल ठरत नाही. संरक्षण हवेच असेल तर पँटोप्राझोलसारखी गोळी, डॉक्टरांना विचारून, जेवणाआधी अर्धा तास. मात्र हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्यांनी हे वाचून अॅस्पिरिन परस्पर बंद करू नये. त्यात हृदयविकाराचा झटका येण्याचे भय आहे.

भसाभस लाल रक्ताची उलटी झाली तर आधी यकृताचा विचार करावा. दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि हल्ली मधुमेही लठ्ठ माणसाचे चरबीने भरलेले यकृत, या सगळ्यांची अखेर यकृत घट्ट होण्यात होऊ शकते. त्यातून वाहू न शकणारे रक्त अन्ननलिकेच्या शिरा फुगवते आणि एक दिवस त्या फुटतात. दुर्बिणीतून रबरी कडी बसवून त्या आवळता येतात, फुटण्याआधीही.

आता लाल रक्ताकडे. शौचानंतर थेंब थेंब, न दुखता पडते ते मूळव्याधीचे. कापल्यासारखी कळ येऊन मळावर रेघ उमटते ती फिशरची, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेची. आव, कळा आणि रक्त एकत्र असतील तर आमांश किंवा आतड्याची सूज. पण रक्त मळात मिसळलेले असेल, शौचाची सवय महिनाभरात बदलली असेल, वजन उतरत असेल, तर मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही ना, हे कोलोनोस्कोपीने, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून, पाहावेच लागते. बोटाने तपासणीही न करता मूळव्याधीचे मलम लिहून देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. आणि ज्या पुरुषाचे हिमोग्लोबिन ८ आहे त्याला नुसते टॉनिक देऊन घरी धाडणे, ही तर शुद्ध हयगय. ते रक्त कुठेतरी झिरपते आहे. शेतात अनवाणी वावरणाऱ्यांत हुककृमीही ते पीत असतात.

शेवटी पहिल्या तासातली एक नेहमीची चूक. रक्त जाऊन गेले, तपासणीत हिमोग्लोबिन १२ आले, सगळे निर्धास्त. ताज्या रक्तस्रावात पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात जातात, त्यामुळे आकडा उतरायला वेळ लागतो, कधी दिवसही. त्यापेक्षा नाडी पाहावी. ती मिनिटाला १०० च्या वर, वरचा रक्तदाब १०० च्या खाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, असे असेल तर १०८ ला फोन करावा. रुग्णाला कुशीवर झोपवावे, ताक-सरबत काहीही पाजू नये. एंडोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने पोट तपासण्याची, सोय असलेले रुग्णालय गाठावे, कारण ही तपासणी २४ तासांच्या आत झालेली बरी आणि बहुतेक रक्तस्राव दुर्बिणीतूनच थांबवता येतात. निघताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, पुडीतल्या सुट्या गोळ्यांसकट, पिशवीत टाकून न्याव्यात. ‘पांढरी गोल गोळी होती’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.

आपला,
एक पोटविकारतज्ज्ञ, सातारा