वहिनीचं ताट

लंडन, रविवार

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर तू फोन मोरीच्या कट्ट्यावर ठेवलास, तेव्हा वहिनीचं ताट दिसलं. माहेरचं, काठावर तिच्या बाबांचं नाव घातलेलं. मांडणीवर नव्हतं, कोपऱ्यात एकटंच पालथं पडलं होतं. ती मागेच उभी होती, म्हणून मी तेव्हा बोलले नाही.

आई, टीबी ताटावाटीतून पसरत नाही गं. खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताट वेगळं केल्याने कुणी वाचत नाही, वहिनी मात्र रोज खचते. गोवंडीत आपल्या आणि शेजारच्या बिल्डिंगच्या मधल्या जागेत जेमतेम हात पसरता येतात, भर दुपारी ट्यूब लावावी लागते, सगळं ठाऊक आहे मला. त्यात दोष ना तुझा, ना तिचा. पण दार-खिडकी दोन्ही उघडी असली तर तेवढाच वारा खेळेल. शेजारी विचारतील म्हणून तू दार लावून घेतेस, तेवढं नको करूस.

इथेही तेच बघते. मी न्यूहॅममध्ये काम करते. इंग्लंडमध्ये टीबी सर्वांत जास्त असलेल्या भागांपैकी हा एक. एकेका खोलीत चार-चार माणसं. बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेली एक मुलगी सासूला कळू नये म्हणून गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायची. औषध फुकट, तरी दोनदा सुटलं.

आणि जेवण. राग मानू नकोस, पण वहिनी सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना दरमहा शिधा देऊन पाहिला. मोठ्या माणसाला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. 2023 साली निष्कर्ष आले: त्या घरांत नवे रुग्ण सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे पोटभर जेवण तिलाच नाही, तुलाही हवं. तूही शेवटीच बसतेस ना?

टीबीच्या रुग्णांना पोषणासाठी सरकार देतं त्या निक्षय योजनेचे पैसे, महिन्याला हजार रुपये या हिशेबाने, तिच्या खात्यात येतात. ते लाइटबिलात जाऊ देऊ नका, दादाला सांग. अंडी, शेंगदाणे, डाळ आणा. अजून चार महिने गोळ्या आहेत. बरं वाटलं तरी एकही दिवस चुकवायचा नाही.

पुढच्या रविवारी फोन करीन. तेव्हा ते ताट मांडणीवर, तुझ्या ताटाशेजारी दिसू दे.

तुझी,
सुमन