बर्कचा धक्का पाहिला, सिरोंचाची नदीवाट आठवली

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझे सारे आयुष्य हिंगणघाट आणि नागपूर येथे कापसाच्या खरेदीत आणि जिनिंगमध्ये गेले. निवृत्तीनंतर मुलीकडे सिडनीला गेलो असता, न्यू साउथ वेल्सच्या वायव्येकडील बर्क या गावाच्या आसपास कापूस पिकतो असे समजले आणि केवळ त्या ओढीने मी तिकडे जाण्याचा हट्ट धरला. पाहायला गेलो कापूस आणि पाहून आलो एक जुने नदीबंदर. त्यावरून आपल्या विदर्भाविषयी जे मनात आले, ते आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सिडनीहून डबोपर्यंत रेल्वे आहे, पुढे बर्कपर्यंत सुमारे पावणेचारशे किलोमीटर बसने जावे लागते. त्यातला निंगन ते बर्क हा दोनशे किलोमीटरचा टप्पा इतका सरळ आहे की, वळण म्हणून काही असते याचा विसर पडावा. दोन्ही बाजूंना लाल माती, खुरटी झाडे, मधूनच एखादा एमू, आणि मग अचानक गर्द झाडांची रांग लागते. तीच डार्लिंग नदी, जिला तेथील मूळ रहिवासी बारकिंजी लोक बाका म्हणतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, अशा कोरड्या मुलखात एके काळी बंदर होते, हे नदीकाठी उभे राहिल्याशिवाय खरे वाटत नाही.

1859 साली विल्यम रँडेल या कप्तानाने आपली वाफेची नौका डार्लिंगमधून थेट बर्कच्याही वरच्या ब्रेवॉरिना गावापर्यंत नेली आणि नदीचा हा मार्ग व्यापाराला खुला झाला. आसपासच्या अफाट कुरणांमधील लोकर बैलगाड्यांतून आणि उंटांवरून बर्कला यायची, धक्क्यावरून, मोठ्या चाकांनी पाणी कापत जाणाऱ्या वाफेच्या नौकांत चढायची आणि वेंटवर्थजवळ मरे नदीत उतरून पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किंवा व्हिक्टोरियाच्या बाजारपेठेकडे जायची. नौकांच्या उंच धुराड्यांना अडथळा होऊ नये म्हणून 1883 साली उत्तर बर्क येथे बांधलेल्या पुलाचा मधला भाग वर उचलता येईल असा केला. तो पूल आजही उभा आहे. अडचण होती ती पाण्याची. वर क्वीन्सलँडमध्ये पाऊस झाला तरच इथे पाणी, नाहीतर भरलेली नौका वाळूत रुतून महिनोन्‌महिने पुराची वाट पाहत बसे. 1885 साली सिडनीची रेल्वे बर्कला पोहोचली आणि लोकरीने हळूहळू रूळ धरला. 1897 साली तेथे बंधारा बांधला व त्याला नौका वर-खाली नेण्यासाठी पाणकोठाही केला, तरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ही वाहतूक संपली. पुढे प्रवासी रेल्वेही बंद झाली, ही गोष्ट वेगळी.

आज त्या गावात जेमतेम दीड-दोन हजार वस्ती आहे. तरीही त्यांनी मूळ धक्क्याच्या धर्तीवर लाकडी धक्का पुन्हा उभारला. तो टप्प्याटप्प्याने खाली उतरतो, कारण नदीची पातळी किती खाली-वर होईल याचा नेम नसे. मी त्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बराच वेळ बसलो होतो. खाली गढूळ, संथ पाणी होते आणि पूर कुठवर चढतो ते काठावरच्या झाडांच्या बुंध्यांवर चिखलाच्या रेषांनी लिहिलेले होते. लोकरीच्या गाठींवर मळ्याचे नाव काळ्या शाईने, पत्र्याच्या साच्यातून उमटवीत असत, हे वाचताना माझ्या हाताला तो साचा आठवला. आमच्या रुईच्या गाठींवर क्रमांक आणि मार्का घालताना आम्ही वर्षानुवर्षे तेच करीत होतो. गावाच्या दफनभूमीत पत्र्याची एक लहानशी मशीद आहे, ती उंटांचे तांडे घेऊन आलेल्या लोकांची. त्यांना तिकडे सरसकट ‘अफगाण’ म्हणत असले तरी त्यांतले कित्येक बलुचिस्तान, पंजाब, सिंध या भागांतून गेलेले होते. तिथेच, 1993 साली निवर्तलेले नेत्रतज्ज्ञ डॉ. फ्रेड हॉलोज यांची समाधी आहे. मूळ रहिवाशांच्या डोळ्यांवर उपचार करण्यासाठी ते या भागात येत. बंदर, उंटवाले आणि डॉक्टर या सगळ्यांची दखल त्या लहानशा गावाने घेतली आहे.

आता आपल्याकडे वळतो. एकोणिसाव्या शतकात नेमका हाच बेत आपल्या वर्धा-प्राणहिता-गोदावरीवर आखला गेला होता, हे किती वाचकांना ठाऊक असेल? ब्रिटिश अभियंते सर आर्थर कॉटन यांच्या पुढाकाराने आणि पुढे हेग या अभियंत्याच्या देखरेखीखाली, वऱ्हाड-नागपूरचा कापूस नदीमार्गे पूर्व किनाऱ्यावर नेण्यासाठी अप्पर गोदावरी नौकानयन योजना सुरू झाली. वाटेत खडकांचे तीन अडसर होते: पहिला दुमागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर देवलमारीला. ते ओलांडण्यासाठी बंधारे, कालवे आणि नौकांचे पाणकोठे बांधायचे होते. दुमागुडेमचा बंधारा आजही आहे. त्या काळात सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. पण खर्च वाढत गेला, रानातील तापाने मजूर हैराण झाले, 1867 साली रेल्वे नागपूरला आली आणि 1871 साली कामे थांबवण्यात आली. बर्कला रेल्वेने बंदर गिळले. आपल्याकडे बंदर पुरते जन्मण्याआधीच तिने ते अनावश्यक ठरविले.

परतल्यावर मी मुद्दाम सिरोंचाला गेलो. गडचिरोलीपासूनचा रस्ता, विशेषतः आलापल्लीच्या पुढचा, ज्यांनी अनुभवला आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको. पण प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरचे ते विस्तीर्ण पात्र, पैलतीरावरचे कालेश्वर आणि काठाला बांधलेले डोंगे पाहिले की शीण जातो. या नदीवाटेविषयी एक ओळ सांगणारा फलक मला कुठे दिसला नाही. एका कार्यालयात विचारणा केली, तेव्हा असे काही कधी होते हेच तेथील मंडळींना नवीन होते. मी त्यांना दोष देत नाही, कारण मी स्वतः हिंगणघाटात इतकी वर्षे कापूस तोलला, पण तो एके काळी नदीने जाणार होता हे मलाही पन्नाशीनंतर कळले.

ज्यांच्याकडे पर्यटनाचा आणि पुरातत्त्वाचा कारभार आहे, त्यांच्याकडे माझे मागणे मोठे नाही. आधी देवलमारी आणि सिरोंचा परिसरात त्या कामांचे काय उरले आहे, याची पाहणी करून नोंद व छायाचित्रे घ्यावीत, कारण प्राणहितेला दरवर्षी येणारा पूर कुणासाठी थांबत नाही. सिरोंचात एक नकाशा, जुन्या आराखड्यांच्या प्रती आणि मराठी, तेलुगू व गोंडी अशा तिन्ही भाषांत मजकूर असलेली एवढी एक खोली पुरे. वडधमच्या जीवाश्म उद्यानासाठी अभ्यासक त्या तालुक्यात येतातच, ते ही खोलीही पाहतील. नागपूरच्या शाळांच्या सहली दरवर्षी त्याच त्या चार ठिकाणी जातात, त्यांतली एखादी सिरोंचाला वळवता येईल. इतिहासाच्या प्राध्यापकांनी मध्य प्रांताच्या जुन्या गॅझेटियरमधील आणि दफ्तरांतील या योजनेची पाने मराठीत आणली, तर ती फार मोलाची गोष्ट होईल. कुणी असे काम हाती घेणार असेल, तर कापसाच्या गाठी, मार्के आणि वाहतुकीविषयी माझ्यापाशी जी काही जुनी कागदपत्रे आहेत, ती मी विनामूल्य द्यायला तयार आहे. पावसाळा ओसरला की मी पुन्हा देवलमारीला जाणार आहे, आणि या वेळी मोजपट्टी व कॅमेरा सोबत असेल.

आपला नम्र,
कापूस व्यवसायातून निवृत्त झालेला एक वाचक,
धंतोली, नागपूर