आईचा आजार संध्याकाळी यायचा, ओपीडी सकाळी असायची

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस

विषय : निदान न झालेल्या रुग्णांच्या तपासण्यांची जबाबदारी निश्चित करण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या घरात खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली आहे. तिच्यात आईचे तीन वर्षांचे रिपोर्ट आणि एमआरआयच्या फिल्मा आहेत. जवळजवळ प्रत्येक कागदाच्या शेवटी ‘नॉर्मल’ लिहिले आहे. त्या तीन वर्षांत आई एक घास धड गिळू शकत नव्हती.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. सोयाबीनची काढणी चालू होती. दिवसभर राबून चुलीपुढे बसली की तिची डावी पापणी खाली यायची. “एकाचे दोन बल्ब दिसायलेत गं,” म्हणायची. चष्मा दोनदा बदलला. पुढे केस विंचरताना हात मध्येच गळून पडायला लागला. रात्री अर्धी भाकरी होईपर्यंत जबडा थकायचा, पाणी नाकातून परत यायचे, बोलता बोलता आवाज गेंगाणा व्हायचा. आणि सकाळी उठली की बाई पुन्हा धडधाकट, हौदावरून पाणी भरायला पुढे.

त्या सकाळच्या धडधाकटपणानेच आमचा घात केला. पहाटेची एसटी धरायची, केसपेपर काढायचा, रांगेत बसायचे. नंबर लागेपर्यंत अकरा वाजायचे. तोवर आईला नको असताना विश्रांती मिळालेली असायची. डॉक्टरांसमोर पापणी वर, आवाज खणखणीत. मी सांगायचे, “डॉक्टर, संध्याकाळी बघायला हवं हिला.” बाहेर शंभर माणसे थांबलेली असताना माझे हे वाक्य कोण ऐकणार? मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांना प्रत्येक माणसामागे दोन-तीन मिनिटेच होती.

रक्त, साखर, थायरॉईड, बी-१२, ईसीजी, गिळता येत नाही म्हणून दुर्बिणीची तपासणी, मेंदूचा एमआरआय. नवा दवाखाना जुन्या लॅबचे रिपोर्ट मानत नव्हता, म्हणून त्यातल्या कितीतरी दोनदा. मानेच्या एमआरआयला घरच्या दोन शेळ्या गेल्या. रिपोर्ट चांगला आला की लोक सुटकेचा श्वास सोडतात. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नसे. कोणी म्हणाले, पाळी जायच्या वयात असे होते. कोणी टेन्शनच्या गोळ्या दिल्या. भावकीतल्यांनी बाहेरचे काहीतरी आहे म्हणून अंगारा आणला. शेवटी शेवटी आईच मला विचारू लागली, “मी खरंच सोंग करायले का गं?” हे लिहितानाही माझा हात थरथरतो आहे.

मग एकदा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी तिला एक प्रतिजैविक दिले गेले. गोळ्या नेहमीच्याच, पण चौथ्या दिवशी तिला थुंकी गिळता येईना, धाप लागली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. ड्युटीवर एक तरुण निवासी डॉक्टर होते. त्यांनी आईला छताकडे टक लावून बघायला सांगितले. मिनिटभरात दोन्ही पापण्या मिटत आल्या. त्यांनी हातमोज्यात बर्फ भरला आणि मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे धरला. बर्फ काढला तर पापणी वर! तीन वर्षांत जे कुठल्याही यंत्राला दिसले नाही, ते मूठभर बर्फाने दाखवले.

आजाराचे नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. नसेकडून आलेला निरोप स्नायूने जिथे झेलायचा, त्या जागांवर (एसिटिलकोलीन रिसेप्टरवर) शरीराचीच प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) हल्ला करतात. स्नायू वापरला की थकतो आणि विश्रांतीनंतर परत उभारी धरतो. मेंदूत किंवा मणक्यात बिघाड नसतो, म्हणून एमआरआय स्वच्छ येतो. नेहमीच्या रक्ततपासणीतही काही सापडत नाही. त्यासाठी एसिटिलकोलीन रिसेप्टरच्या प्रतिपिंडांची वेगळी तपासणी लागते, नसेला पुन्हा पुन्हा सौम्य झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजावा लागतो आणि थायमस ग्रंथीत गाठ नाही ना, हे पाहायला छातीचा सीटी स्कॅन करतात. काही प्रतिजैविके या आजारात श्वासाचे स्नायूसुद्धा लुळे करू शकतात. आईला गोळ्या देणाऱ्यांना हे कळणार तरी कसे? आजाराचे नाव केसपेपरवर नव्हतेच.

मंत्रिमहोदय, नाव मिळाले त्या क्षणापासून शासन आमच्या पाठीशी उभे राहिले, हे मी कृतज्ञतेने लिहिते. दवाखान्यात योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राने कागद केले, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून दवाखान्याचे बिल भागले. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली ही योजना आज रेशनकार्डाचा रंग न बघता कुटुंबाला ५ लाखांचे संरक्षण देते. पण ती भरती झालेल्यांसाठी आहे, आणि यादीतल्या उपचारांसाठी. आजाराला नाव नसेल तर यादीत शोधायचे काय? आमचा खर्च झाला तो नाव सापडेपर्यंत, आणि त्या सगळ्या काळात योजनेचे दार बंद होते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासण्या मोफत झाल्या. सरकारी आरोग्य केंद्रावर महालॅब या मोफत तपासणी सेवेसाठी रक्त घेतात, रिपोर्ट मोबाईलवर येतो. माझ्या शाळेतल्या आयांना याचा मोठा आधार आहे. मात्र अवघड निदान जिथे होते ती वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या खात्याकडे आहेत, त्या निर्णयात ती नव्हती. रुग्णाला खात्यांची हद्द कळत नाही. त्याला एवढेच कळते की तालुक्याला फुकट झालेल्या तपासण्यांत काही निघाले नाही आणि पुढचे सगळे पदरचे घालून करायचे आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. तिथवर पोहोचण्यासाठी आधी कुणाला तरी शंका यावी लागते, आणि शंका येण्याची जागा आमच्या तालुक्यातच असायला हवी.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ‘निदान न झालेल्या’ रुग्णांसाठी आठवड्यातून एक दिवस वेगळी ओपीडी ठेवा, आणि ती दुपारनंतर, सूर्य मावळेपर्यंत चालू द्या. तिथे एका माणसाला अर्धा तास मिळावा. आल्या आल्या नवा स्कॅन सांगण्याआधी कुणीतरी पिशवीतले सगळे कागद जमिनीवर मांडून तारीखवार बघावेत. घरच्यांनी काढलेला मोबाईलवरचा व्हिडिओ तपासणीचा भाग मानावा. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर ग्रामीण रुग्णालयातून संध्याकाळी न्यूरॉलॉजिस्ट मिळाला, तर आईसारख्या बाईला एसटीसुद्धा धरावी लागणार नाही. या ओपीडीतून लिहून दिलेल्या तपासण्या, मग ती प्रतिपिंडांची असो की सीटी स्कॅन, भरती न होता जन आरोग्य योजनेतून व्हाव्यात. दोन्ही खात्यांनी एकत्र बसल्याशिवाय हे होणार नाही, याची मला कल्पना आहे. आपण बसावे, ही विनंती.

आई आता पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या घेते. घड्याळ लावून, जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी. पूर्ण भाकरी खाते. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ही गोळी मिळत नाही, मी दोन महिन्यांची एकदम आणून ठेवते.

हे पत्र आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीच्या हातापायांना सहा महिन्यांपासून मुंग्या येतात, चालताना ती मध्येच कोसळते. तिचे वडील ऊसतोडीला जातात. दोनदा रक्त तपासले, एकदा एमआरआय झाला. सगळे नॉर्मल. घरच्यांनी तिला शाळेतून काढायचे ठरवले आहे. काल तिची आई रिपोर्टची पिशवी घेऊन माझ्याकडे आली होती, “बाई, आता कुठं जाऊ?” विचारत. मी तिला चार दिवस थांबायला सांगितले आहे. तिला कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी, कोणाकडे पाठवायचे, हे आपल्या कार्यालयाकडून मला लेखी कळावे.

आपली नम्र,
एक शिक्षिका, जिल्हा लातूर