काकांचं टेबल उलटं केलं तेव्हा

प्रिय दोस्ता,

सलाम. तुझ्या वडिलांच्या, आपल्या काकांच्या, दफनाला भेटलो त्यानंतर आठ महिन्यांत तुला साधा फोन केला नाही, काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. रागवला असशील तर रागव, हक्क आहे तुझा. तब्येत बरी आहे, गुडघा दुखतो, बाकी काही नाही.

लिहितोय कारण काकांनी केलेलं चर्चमधलं प्रभुभोजनाचं टेबल, भाकर आणि द्राक्षारस ठेवायचं, दुरुस्तीला माझ्याकडे आलंय. काल ते उलटं केलं आणि मागच्या डाव्या पायाशी ती पाचर दिसली. आठवते ना? तू म्हणायचास कुसू (भोकात बसणारं लाकडाचं टोक) मी बारीक कापला, मी म्हणायचो भोक तू मोठं पाडलंस, आणि तीन दिवस अबोला. (तेव्हाही तुझी पटाशी कमी, तोंड जास्त चालायचं.) काकांनी चूक कोणाची ते विचारलंच नाही, कागदासारखी पातळ पाचर तासली, लाकडाच्या रेघेला रेघ जुळवून बसवली आणि पुढच्या कामाला लागले. मी त्यावरून नख फिरवत बसलो, सांधा नखाला लागत नाही रे अजून. आणि टेबलाची खालची बाजू, जी कोणी कधी बघणार नाही, तिलाही रंधा मारलाय, अगदी कोपऱ्यापर्यंत.

मला रडू आलं, आणि ते नुसतं काकांच्या आठवणीनं नाही. गेल्या महिन्यात आपल्या चर्चच्या मंडळीत कृपादानांचा, म्हणजे देवाचा आत्मा ज्याला त्याला देतो त्या दानांचा, अभ्यास झाला, शेवटी फॉर्म दिला, शिक्षण, भाषा, रोग बरे करणं, दान देणं, ज्याने त्याने आपल्यापुढे खूण करायची. मी खाली पेनने लिहिलं, सुतारकाम. अभ्यास घेणारे भाऊ प्रेमानेच म्हणाले, ते हुनर झालं, विश्वास नसलेल्यालाही असतं, कृपादान वेगळं. सगळे पुढे गेले, मी तिथेच अडकलोय. बायबलमध्ये ही दानं जिथे सांगितली आहेत त्या १ करिंथ १२ मध्ये सुतार नाही, रोम १२ मध्येही नाही, मान्य. पण मग काकांनी आयुष्यभर काय केलं? रविवारी सेवा आणि बाकी सहा दिवस नुसती मजुरी?

मग निर्गम ३१ काढलं. देव मोशेला सांगतो, मी बसालेल या कारागिराला माझ्या आत्म्याने भरलंय, आणि कशासाठी, तर सोनं, रुपं, पितळ, रत्नं आणि लाकडाचं कोरीव काम करायला! लाकूड स्पष्ट लिहिलंय. पुढे ३५ व्या अध्यायात तर त्याला आणि त्याच्या जोडीदार अहलियाबला दुसऱ्यांना शिकवायची बुद्धीही देवानेच दिली असं आहे, आणि तिथे मला काका दिसले, आपल्या दोघांच्या मध्ये उभे, काटकोन तपासायचा गुण्या हातात. आणि प्रेषितांच्या कृत्यांतली टबीथा? ती मेली तेव्हा विधवा रडत पेत्राला काय दाखवतात, तर तिने शिवलेले कपडे.

पण खरी काळजी वेगळीच आहे, ती तुलाच सांगतो. ३१ च्या लगेच पुढे ३२ आहे. लोकांच्या कानातलं सोनं, अहरोनाच्या हातातली कोरणी, आणि पूजेला सोन्याचं वासरू तयार. हात तेच, धातू तोच. यशया ४४ मधला सुतार तर आपलाच माणूस, दोरी लावतो, खुणा करतो, अर्धं लाकूड शेकायला जाळतो आणि उरलेल्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. मागच्या वर्षी मी मंडळीसाठी नवीन पुलपिट, उपदेशाला उभं राहायचं व्यासपीठ, केलं ना, त्याच्यावर मी दोन महिने वेल कोरत होतो आणि रविवारी उपदेश चालू असताना माझं लक्ष कुठे, तर लोक वेलीकडे बघतात का यावर. वचन ऐकलंच नाही मी. काकांची पाचर लपलेली आहे आणि माझी वेल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दान देवाचं असेलही, पण मी ते कोणापुढे ठेवतोय? वेल काढून टाकू म्हणतोस? बायको म्हणते वेडेपणा करू नका, चांगली आहे ती.

तू काकांचा मुलगा, तूच सांग. ते रंधा मारताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे ते प्रार्थना होती की माप मोजत होते? मी कधी विचारलं नाही.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ऐकून बरं वाटलं, विश्रांती घ्यायला सांग. पोरीला नोकरी लागली, तिला माझा आशीर्वाद. तू अजून रात्री उशिरापर्यंत त्या स्क्रीनसमोरच बसतोस का?

हो, हलतो तो पाय पुढचा उजवा आहे, पाचरीचा नाही. पाचरीला मी हात लावणार नाही. काकांची पाऊण इंची पटाशी तुझ्याकडेच असेल, धार नसली तरी चालेल, इथे लावू. ती घेऊन ये, तोपर्यंत टेबल असंच उलटं ठेवतो.

तुझाच