निर्णय एकट्या तोजोंचा नव्हता

संपादक महोदय,

डिसेंबर उजाडला की पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावरच्या जपानी हल्ल्याविषयी लेख येतात, शाळांत भाषणे होतात आणि 'हुकूमशहा तोजोंनी जपानला युद्धात ढकलले' एवढ्यावर विषय संपतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावात तरी असे होऊ नये. याच रेजिमेंटची ४ थी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील शांगशाकला जपानी फौजेशी लढली. ते युद्ध कसे ठरले, हे इथल्या मुलांना नीट कळायला हवे.

तोजो हिदेकी पंतप्रधान झाले १८ ऑक्टोबर १९४१ ला. त्याआधीच जुलैत जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात (आजचा व्हिएतनाम-कंबोडियाचा भाग) उतरले होते आणि अमेरिकेने १ ऑगस्टपासून जपानचे तेल तोडले होते. साठा जेमतेम दोन वर्षांचा. थांबू तितके तेल कमी होणार, हा नौदलप्रमुख नागानोंचा मुद्दा सगळ्या बैठकांवर स्वार झाला.

मूळ दोष रचनेतच होता. सेनाप्रमुख थेट सम्राटांना जबाबदार, पंतप्रधानांचे त्यांच्यावर काही चालत नसे. भूदलाने आपला मंत्री काढून घेतला की सरकार पडे. जुलै १९४० मध्ये पंतप्रधान योनाईंचे सरकार असेच गेले. म्हणून खरे निर्णय मंत्री आणि सेनाप्रमुखांच्या संपर्क परिषदेत होत. तिथे मतदान नसे, सर्वांची संमती लागे. मतभेद झाला की मसुद्यातले शब्द सैल करायचे, म्हणजे प्रत्येकाला हवा तो अर्थ काढता येई. मग तोच कागद सम्राटांसमोर जाई.

६ सप्टेंबर १९४१ ला सम्राटांसमोर गेलेल्या कागदात मात्र मुदत शिरली: ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वाटाघाटी जमण्याची चिन्हे दिसली नाहीत, तर युद्धाचा निर्णय. आदल्याच दिवशी सम्राटांनी भूदलप्रमुख सुगियामांना चीनच्या युद्धाबाबतच्या त्यांच्या फसलेल्या अंदाजाची आठवण करून दिली होती. ६ सप्टेंबरच्या परिषदेत सम्राटांनी आपल्या आजोबांची शांततेची कविताही वाचली. कागद तसाच राहिला.

माझ्या मते निर्णायक दिवस १२ ऑक्टोबरचा. पंतप्रधान कोनोए यांच्या ओगिकुबोच्या घरी बैठक झाली. अमेरिकेशी युद्ध जिंकण्याची खात्री नौदलाला नव्हती, पण नौदलमंत्री ओइकावांनी 'आम्हाला जमणार नाही' असे म्हटले नाही. पंतप्रधान ठरवतील, म्हणाले. भूदलमंत्री तोजो चीनमधून सैन्य मागे घ्यायला तयार नव्हते, आणि तो दोष त्यांच्या माथी राहतोच. चार दिवसांनी कोनोएंनी राजीनामा दिला.

१ नोव्हेंबरला सकाळी बसलेली परिषद मध्यरात्र उलटून गेल्यावर उठली. युद्ध टाळणे, लगेच युद्ध, की तयारी आणि वाटाघाटी एकदम, असे तीन पर्याय होते. अर्थमंत्री काया आणि परराष्ट्रमंत्री तोगो यांनी अखेरपर्यंत हरकती घेतल्या. शेवटी तेही तिसऱ्या पर्यायाला राजी झाले. वाटाघाटींना नोव्हेंबरअखेरची मुदत पडली. २६ नोव्हेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला करणारे आरमार जपानच्या उत्तरेकडील हितोकाप्पूच्या उपसागरातून निघाले. चीन आणि इंडोचायनातून सैन्य काढा, असे सांगणारे अमेरिकी परराष्ट्रमंत्री हल यांचे टिपण तोवर जपान्यांच्या हाती पडलेही नव्हते. तेव्हा त्या टिपणामुळे युद्ध झाले, असे जे म्हटले जाते, तेही अर्धवटच. करार झालाच तर आरमार परत फिरवायचे होते, पण १ डिसेंबरला सम्राटांसमोर युद्धावर शिक्कामोर्तब झाले.

यंदाच्या पुरवणीत तोजोंचे छायाचित्र छापाल, तर शेजारी ६ सप्टेंबर, १२ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या तारखा आणि त्या बैठकांना बसलेल्यांची नावेही छापावीत, ही विनंती.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव