वसतिगृहातले उसने डॉक्टर

महोदय,

परीक्षा जवळ आली की विद्यापीठांच्या वसतिगृहांत गोळ्यांची देवाणघेवाण वह्यांइतकीच सहज होते. मित्राला ज्या अँटिबायोटिकने ‘बरं वाटलं’, त्याच्या उरलेल्या गोळ्या दुसरा घेतो. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही, हे जीवशास्त्र शिकणाऱ्यांनाही त्या वेळी आठवत नाही! अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हा इशारा पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच १९४५च्या नोबेल व्याख्यानात दिला होता.

मला अधिक काळजी वाटते ती ‘साध्या’ पॅरासिटामॉलची. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. तापाची गोळी आणि वर सर्दीची संयुक्त गोळी घेतली, की अनेकदा दोन्हींत तेच औषध असते. मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि यकृताला होणारी इजा पहिल्या दिवशी जाणवतही नाही. डोकेदुखीवरची साधी वेदनाशामकेसुद्धा महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशी काही महिने घेतली तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. मग आणखी गोळ्या!

सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे मात्र बरोबर नाही. आरोग्य केंद्र फक्त तासांच्या वेळेतच उघडे असेल, तर तापाने फणफणलेला मुलगा रात्री शेजारच्या खोलीचेच दार ठोठावणार. विद्यापीठांनी निदान परीक्षेच्या काळात तरी संध्याकाळी डॉक्टर किंवा औषधनिर्माता उपलब्ध ठेवावा आणि नव्या विद्यार्थ्यांना वेष्टनावरचे घटक वाचायला शिकवावे.

– एक निवृत्त प्राध्यापक